हान्सिनाच्या मागे

हेस्टवोगच्या कातळांवर ऊन पडलं, की मुकादम इंगेब्रिक्त सुळक्यावर चढायचा आणि दोन्ही हातांचा कर्णा करून चौसष्ट नावं पुकारायचा. न थांबता. मग चुलीवरचं दूध चुलीवर राही, परातीतलं पीठ परातीत राही, आणि बाया एप्रनला हात पुसत कातळांकडे धावत. खारवलेला कॉड मासा उन्हातच पसरायला हवा, आणि त्या किनाऱ्यावरचं ऊन माहेरवाशिणीसारखं. टेकलं म्हणेतो निघालं. ढग आला की पुन्हा धावायचं, पसरलेला मासा गोळा करून ढीग रचायचा, वर झाकणं घालायची.

योरुननं ही हाक कातळावर कधीच ऐकली नाही. तिनं ऐकली ती १९७४ साली, मुकादमाच्या स्वयंपाकघरात. तेव्हा तो शहाऐंशी वर्षांचा होता, दोन्ही डोळ्यांनी आंधळा, आणि कातळांवरचं काम बंद पडून बावीस वर्षं झालेली. ती तीस वर्षांची, बर्गनच्या विद्यापीठातून आलेली, काखेत जडशीळ टेपरेकॉर्डर. "कोणकोण होत्या हो बाया?" तिनं विचारलं. म्हाताऱ्यानं कॉफीची बशी खाली ठेवली, खुर्चीतून उठला, भिंतीकडे तोंड केलं, हातांचा कर्णा केला.

"लोवीसा! बर्न्टिना! गुरिना! सेव्हेरिना! याकोबिना! ओलेआना...!"

खिडकीची तावदानं थरथरली. शेवटचं नाव आलं "हान्सिना!" आणि तो खाली बसून लहान मुलासारखा रडला.

त्या दीड मिनिटावर योरुनचं सगळं आयुष्य उभं राहिलं. विद्यापीठातले पुरुष तोवर हसायचे. बायकांच्या कामाचा इतिहास म्हणजे काय, जेवणानंतरच्या गप्पाच की, असं एकानं तर तोंडावर विचारलं होतं. पण ही नावं ऐकून कोणी हसलं नाही. तिनं 'चौसष्ट जणी' हे पुस्तक लिहिलं. मग प्राध्यापकी आली, पदक आलं, देशोदेशींची भाषणं आली. गावोगावच्या म्हाताऱ्यांकडे विद्यार्थिनी टेपरेकॉर्डर घेऊन जाऊ लागल्या, आणि योरुन त्यांना सांगायची, "बाई सांगते ते ऐका. नीट ऐका. तिच्या तोंडचा शब्द बदलू नका."

आणि आता, सत्तराव्या वर्षी, तिच्याच गावानं समुद्रकाठी एक मोठा दगड उभा केला होता. त्यावर चौसष्ट नावं, मुकादमाच्या हाकेच्या क्रमानं. शनिवारी त्यावरचं कापड काढायचं, आणि ते काढणार चौसष्टांतली एकटी उरलेली हान्सिना. वय वर्षं पंचाण्णव.

बुधवारी निरोप आला, की हान्सिना येत नाही म्हणते.

*

हान्सिना आता वृद्धाश्रमात, खाडीकडल्या खोलीत राहायची. ती योरुनच्या आईची मैत्रीण; नात्यानं कोणी नसली तरी योरुन तिला मावशीच म्हणे.

"या प्रोफेसरीणबाई," हान्सिना म्हणाली. खिडकीत चाकांच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर विणकाम. डोळे गेले होते, हात चालू होते. "आज टेप नाही आणली?"

"टेपांचे दिवस गेले, मावशी."

"मग ऐकणार कशानं?"

योरुन हसली. साखरेचा खडा तिच्या हातात दिला, कॉफी ओतली. हान्सिनानं खडा हिरड्यांत धरला, कॉफी बशीत ओतून भुरकली.

"शनिवारी येणार नाही म्हणे तुम्ही."

"नाही येणार."

"गाडी पाठवते. शाल आणते. पाच मिनिटांचं काम आहे, एक दोरी ओढायची."

"दोरी ओढता येते मला. पंचाण्णवची झाले म्हणून हात झडले नाहीत." हान्सिनानं बशी पुसल्यासारखी चाटली. "तुझ्या आईचं नाव आहे का गं त्या दगडावर?"

हा प्रश्न योरुनला अपेक्षित नव्हता. "आई कातळावर कामाला नव्हती, मावशी. कधीमधी बदली जात असेल."

"कोण म्हणतं?"

"तीच म्हणाली. मी तिलाही विचारलं होतं तेव्हा. म्हणाली, मी हान्सिनाच्या मागे होते. म्हणजे तुम्ही आजारी पडलात, बाळंत झालात, की तुमच्या मागे ती."

हान्सिनानं सुया खाली ठेवल्या. आधी ती हसली. दात नसलेल्या तोंडानं, खांदे हलवून. मग हसणं बंद झालं.

"पोरी," ती म्हणाली, "तू डोली कधी बघितलीस का? मासे वाहायची?"

"संग्रहालयात मीच ठेवली आहे. दोन लांब दांडे, मध्ये फळ्या. दोघी मिळून उचलायच्या."

"दोघी. एक कुठं?"

"पुढे."

"आणि दुसरी?"

योरुनचे हात दांडे धरल्यासारखे पुढे आले.

"बोल की. एवढी भाषणं करतेस."

"मागे," योरुन म्हणाली.

"इंगेब्रिक्त पुढलीचं नाव पुकारायचा. एका नावाला दोघी यायच्या. डोली पुढलीच्या नावाची. मागलीला कातळावर नावच नाही. हान्सिनाची मागली, बर्न्टिनाची मागली. जोडी एकदा जमली की जमली, नवरा बदलेल पण मागली बदलायची नाही." तिनं बोटानं हवेत मोजलं. "किती डोल्या लिहिल्यास तू पुस्तकात?"

"बत्तीस."

"चौसष्ट होत्या गं! चौसष्ट डोल्या!"

खाडीवर एक बोट गेली. तिच्या लाटा काठावर आपटून विरल्या.

"चढावर," हान्सिना हळू बोलली, "सगळं वजन मागलीवर येतं. आणि धुतलेला मासा चढावरच न्यायचा असतो, काठावरून वर कातळावर. एकोणीस उन्हाळे तुझ्या आईनं माझं ओझं छातीवर घेतलं. तिला कधी समुद्र दिसला नाही, वाट दिसली नाही. दिसली ती माझी पाठ. ते गाणं नाही का?"

आणि म्हातारी गायली, गळ्यातल्या गळ्यात, पावलांच्या तालावर:

"पुढलीला दिसे वाट, मागलीला दिसे पाठ,
चार हातांच्या मधोमध दर्याची खारी गाठ."

हे गाणं योरुनला पाठ होतं. तिच्या पुस्तकातलं दुसरं प्रकरण, 'मागून आलेल्या', याच ओळींनी सुरू व्हायचं. पुढली म्हणजे आधीची पिढी, मागली म्हणजे लेकीसुना, असा तिनं अर्थ लावला होता. फार सुंदर अर्थ होता तो. बऱ्याच जणांनी तो उचलला होता.

"तुम्ही मला चाळीस वर्षांत एकदाही सांगितलं नाही?"

"मी पुस्तक वाचणारी बाई नव्हे. पण तुझ्या आईनं वाचलं. सबंध. चष्मा लावून, या इथं बोट फिरवत. मिटलं आणि माझ्याकडे आली. म्हणाली, हान्सिना, पोरीची चूक झाली आहे, पण तू बोलू नकोस. आत्ता कुठं ती पुढे गेली आहे. मी मागेच बरी, मला सवय आहे."

योरुननं टेबलाची कड धरली.

"मी शब्द दिला, तो पाळला. पुस्तक काय, मिटता येतं," हान्सिना म्हणाली. "दगड कसा मिटणार? एकटीचं नाव कोरलेल्या दगडावरून मी कापड नाही काढणार. डोली एकटीनं उचलत नाहीत."

*

दुसऱ्या दिवशी योरुन गावच्या वाचनालयात गेली. जुन्या टेपा आता संगणकात भरून ठेवल्या होत्या, तिचंच नाव घातलेल्या कपाटाशेजारी. आईची टेप तिनं मुलाखतीच्या दिवसानंतर कधी ऐकली नव्हती. पुस्तकात तिचा उपयोग नव्हता.

तिनं हेडफोन कानाला लावले. आधी भांड्यांचा आवाज, आईचा खोकला. मग एक तरुण, धारदार आवाज, तो ओळखायला योरुनला क्षणभर लागला.

"बोल आई, लाजू नकोस. तू कातळावर काम करायचीस का?"

"मी हान्सिनाच्या मागे होते."

"हो, पण काम कोण करायचं?"

"हान्सिना. आणि मागे मी."

"म्हणजे बदली." कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज. मग तोच धारदार आवाज, पण आता मुलाखतीचा नव्हे: "मग मला दर उन्हाळ्यात आजीकडे का धाडायचीस? मे महिन्यात बोटीत बसवायचीस आणि सप्टेंबरात न्यायला यायचीस. चार चार महिने. काम नव्हतं तर का धाडायचीस?"

आईच्या आवाजात आश्चर्य होतं, एवढं साधं पोरीला कसं कळत नाही याचं.

"मी मागे होते ना, बाळा."

खट्. टेप बंद.

योरुननं ती खट् चारदा ऐकली. त्या वेळी तिला वाटलं होतं, की आई मागे होती म्हणजे मागे पडलेली, आयुष्यात मागे राहिलेली. हीच बायकांची रडगाणी, यातून इतिहास होत नाही. टेप वाचवायला तिनं बटण दाबलं होतं. दाबलं नसतं तर आई पुढं काय बोलली असती? लहान मूल पायांत घुटमळलं तर मागलीला दिसत नाही, समोर माशांची रास असते, असं काही? का नुसतंच कॉफी घेतेस का म्हणाली असती?

लहानपणी बोट सुटताना आई धक्क्यावर उभी राहायची ते तिला आठवलं. हात हलवायची नाही. दोन्ही हात काखेत घालून उभी. मिठानं चिरलेले हात पोरीला दिसू नयेत म्हणून असेल. योरुननं ते आयुष्यभर तिच्या मायेच्या कोरडेपणात धरलं होतं, आणि १९८९ साली आई गेली तेव्हाही मनातलं पुसलं नव्हतं.

बाहेर येऊन तिनं नगराध्यक्ष मेरेटेला फोन लावला.

"मेरेटे, शनिवारचा कार्यक्रम पुढे ढकलायचा. दगडावरची यादी चुकली आहे."

"अगं बाई! स्पेलिंग?"

"निम्म्या बायका राहिल्या. माझ्या चुकीनं."

"योरुन, दगड बसला. शाळेचा बँड ठरला. दोनशे माणसांच्या वॉफलचं पीठ सांगितलंय. पुढच्या आवृत्तीत तळटीप घाल ना."

"दगडाला तळटीप नसते."

"मग भाषणात बोल की! तुझ्याइतकं छान कोण बोलतं?"

*

शनिवारी ऊन पडलं. हान्सिना आली. "दोरी ओढायला नाही, ऐकायला," असं तिनं गाडीतच बजावलं, म्हणून कापड मेरेटेनं ओढलं. काळा दगड, पांढरी अक्षरं. बँड वाजला, पोरंटोरं तपकिरी चीज घातलेली वॉफलं खात इकडे तिकडे.

योरुन दगडाशेजारी उभी राहिली. लिहून आणलेलं भाषण तिनं घडी घालून हातात धरलं.

"या दगडावर चौसष्ट नावं आहेत," ती म्हणाली. "आणखी तेवढीच कोरायची राहिली आहेत. प्रत्येक नावाच्या मागे एक बाई होती. मला त्या बाईनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, मी मागे होते, आणि मी तिला गाळलं. माझी आई, ओलुफीना, त्यांतली एक. चाळीस वर्षं मी जे सांगत आले ते निम्मं आहे."

टाळ्या झाल्या. केवढ्या टाळ्या! बायका डोळे टिपत होत्या. मेरेटेनं पुढे येऊन तिचा हात हातात घेतला, आणि ध्वनिक्षेपकात म्हणाली, "किती सुंदर बोललात! खरंच आहे, प्रत्येक बाईच्या मागे आणखी एक बाई असते. आपण आपल्या आयांना विसरू नये."

योरुन बघत राहिली. त्यांना वाटलं, हा अलंकार आहे. वाटणारच. चाळीस वर्षं तिनं या लोकांना नटवलेली वाक्यं दिली होती. आज साधं बोलली तर तेही त्यांनी दागिन्यांत जमा केलं, जसं तिनं आईचं बोलणं रडगाण्यांत जमा केलं होतं.

पहिल्या रांगेतून काठी आपटल्याचा आवाज आला.

"टाळ्या थांबल्या की पुन्हा सांग," हान्सिना ओरडली. "तुझ्या आईनं एकदाच सांगितलं. मला वाटतं तिचं तिथंच चुकलं."

लोक हसले. योरुन हसली नाही. ती दगडाकडे वळली, पहिल्या नावावर बोट ठेवलं.

"लोवीसा," तिनं मोठ्यानं वाचलं. "लोवीसाच्या मागे कोण होती, मावशी?"

"मारेन. चांभाराची मारेन."

योरुननं भाषणाचा कागद उलटला, पाठीवर लिहिलं.

"बर्न्टिनाच्या मागे?"

"टॉमिना. मोठ्या आवाजाची. तिचं हसू पलीकडच्या बेटावर जायचं."

"गुरिनाच्या मागे?"

हान्सिनाचं तोंड हललं, पण नाव आलं नाही. तेव्हा मागून एक म्हातारा, हातात अर्धं वॉफल, संकोचून म्हणाला, "माझी आई. बेरगिता. पण ती आम्हाला काही बोलली नाही कधी."

"बोलली असेल," योरुन म्हणाली, आणि लिहिलं.

आता कोणी टाळ्या वाजवत नव्हतं. बँडच्या पोरांनी वाद्यं खाली ठेवली. नाव वाचलं जाई, आणि सगळे त्या चाकांच्या खुर्चीकडे बघत.

"सेव्हेरिनाच्या मागे?"

"ती... लाल रुमाल बांधायची. डाव्या पायानं जराशी लंगडी. गोड बाई. नाव..." हान्सिनानं कपाळावर मूठ मारून घेतली. "तिला आम्ही सेव्हेरिनाची मागलीच म्हणत होतो गं."

"याकोबिनाच्या मागे?"

"नाही आठवत."

"ओलेआनाच्या मागे?"

"दोन होत्या. पहिली क्षयानं गेली. नाही... नाही आठवत पोरी. पंचवीस वर्षांमागं विचारायचं होतंस. तेव्हा चौघी जिवंत होत्या, या एवढ्या गावात."

पंचवीस वर्षांमागं योरुन स्टॉकहोमला पदक घ्यायला गेली होती. तिनं पेन्सिल घट्ट धरली आणि पुढचं नाव वाचलं. आणि पुढचं. ऊन दगडावरून सरकत खाली आलं. काही माणसं वॉफलांकडे गेली, काही परत आली. शेवटाला पोचेपर्यंत कागदाच्या पाठीवर सव्वीस नावं झाली होती. सदतीस जागी तिनं नुसती रेघ मारली. दोनतीन रेघांपुढे 'लाल रुमाल', 'तोतरी', 'दोन वेण्या' असं काहीबाही.

शेवटचं नाव उरलं.

"हान्सिना," योरुननं वाचलं.

हान्सिनानं मान योरुनच्या आवाजाकडे वळवली आणि वाट बघत राहिली.

"हान्सिनाच्या मागे," योरुन म्हणाली, आणि तिचा तो भाषणांनी घासूनपुसून ठेवलेला आवाज फाटला, "ओलुफीना."

तिनं लिहिलं. सत्तावीस.

मेरेटे जवळ आली, आता ध्वनिक्षेपक बाजूला ठेवून. "मागच्या बाजूला कोरून घेऊ," ती हळूच म्हणाली. "दगडाची पाठ मोकळीच आहे."

"आणि सदतीस रेघा?"

मेरेटेनं कागदावरच्या रेघांवर नजर फिरवली. "त्याही," ती म्हणाली.

"झालं का तुमचं?" हान्सिना कुरकुरली. "कॉफी गार झाली असणार. ने मला वर."

कॉफी वरच्या सभागृहात होती. काठापासून तिथवर चढ, जुन्याच वाटेचा, आता त्यावर डांबर. मेरेटे धावली, पण योरुननं तिला हातानंच थांबवलं आणि खुर्चीच्या मागे जाऊन मुठी धरल्या.

चढ सुरू झाला तसं वजन आलं. आधी मनगटात, मग दंडांत, मग छातीवर. म्हातारी ती केवढीशी, हाडांची मोळी, तरी आलं. योरुननं समोर बघितलं. समुद्र दिसत नव्हता, वाट दिसत नव्हती. राखाडी लोकरीची एक वाकलेली पाठ होती, मानेपाशी एक टाका सुटलेला.

"दम लागला?" हान्सिनानं मान न वळवता विचारलं.

"लागला."

"बोलू नकोस मग. वाट पाठ आहे मला. दगड आहे पुढे, उजवीकडे घे. मी सांगते ना तुला."